याकीचे पाणी आणि ओब्रेगोनचा गहू



मालकी या कल्पनेवर आम्ही मागे बोललो होतो. तेव्हा व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, हे सगळं पुस्तकातलं झालं. एखाद्या गावात ही कल्पना प्रत्यक्ष कशी चालते ते सांगाल का?" प्रश्न रास्त होता. म्हणून आज एक गाव घेऊन आलो आहोत. गाव मेक्सिकोतले आहे, नाव सिउदाद ओब्रेगोन, म्हणजे ओब्रेगोननगर. वस्ती सव्वातीन लाखांच्या आसपास, साधारण आपल्या परभणीएवढी. आम्ही तिथे गेलेलो नाही. जे सांगतो आहोत ते वाचून, पडताळून सांगतो आहोत.

इतक्या लांबचे गाव कशाला, असे वाटेल. तर आमच्या पिढीने रेशनच्या रांगेत उभे राहून लाल गहू आणि मिलो आणलेला आहे. पिशवी घरी आली की आईच्या कपाळावर आठी पडायची, कारण त्या मिलोची भाकरी थापता थापता फाटायची. पुढे काही वर्षांत ती रांग कमी झाली आणि 'कल्याण सोना', 'सोनालिका' ही नावे कानावर पडू लागली. त्या गव्हाचे मूळ या ओब्रेगोनच्या शिवारात आहे. तेव्हा हे गाव आपल्याला वाटते तितके परके नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मेक्सिकोच्या वायव्येला सोनोरा नावाचे राज्य आहे. वाळवंटी मुलूख, पाऊस बेताचा. पूर्वेच्या डोंगरांतून याकी नावाची नदी उतरते आणि कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळते. नदीच्या तोंडाशी सपाट, गाळाची जमीन. तिथे राहणारे लोक स्वतःला योएमे म्हणतात, बाकीचे त्यांना नदीच्या नावाने याकी म्हणतात. स्पॅनिश लोक येण्याआधीपासून ते नदीच्या पुरावर शेती करत होते. पूर ओसरला की ओल्या गाळात मका, घेवडा, भोपळा. कालवा नाही, धरण नाही, पुराची वेळ ओळखायची एवढेच तंत्र. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश सैन्य आले, ते याकींनी हरवले, मग तह झाला आणि १६१७ मध्ये जेझुइट पाद्री आले. त्यांच्याबरोबर गहू आला, गुरे आली. विखुरलेल्या वाड्या आठ गावांत एकत्र झाल्या. विकाम, पोताम, तोरिम, कोकोरित, बाकुम ही त्यांतली काही. ही आठ गावे आजही याकींच्या राजकारणाचा आणि धर्माचा पाया आहेत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस समुद्रापलीकडे, बाजा कॅलिफोर्नियाच्या उजाड किनाऱ्यावर नवी मिशने उभी राहिली. तिथे धान्य पिकत नव्हते. त्यांना धान्य आणि गुरे पुरवली जात ती प्रामुख्याने याकीच्या गावांतून. म्हणजे खाऊन उरेल, जहाजात भरता येईल इतके या खोऱ्यात पिकत होते. हे १७०० सालच्या आसपासचे चित्र.

आता दोनशे वर्षे पुढे या. पोर्फिरिओ दियास यांची राजवट. त्या काळात पडीक जमिनींचे कायदे झाले. सरकार म्हणाले, ज्या जमिनीचा कागद नाही ती पडीक. ती मोजा, कंपन्यांना द्या, वसवा. याकींकडे कागद कुठून असणार? त्यांच्या जमिनीला सातबारा नव्हता, हद्द नदीच्या वळणांवरून आणि गावांच्या आठवणीतून सांगितली जायची. जमीन सामाईक होती. पूर येऊन गेल्यावर काही वर्षे रान तसेच सोडायचे, जळणाला लाकूड, गुरांना चारा. बाहेरच्या माणसाला ते रिकामे दिसले.

आता तत्त्वज्ञानाच्या मास्तराला इथे गप्प बसवणार नाही. जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडले होते की जमिनीत माणूस श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. ऐकायला किती न्याय्य! पण त्यातच पुढची पायरी दडलेली आहे. ज्या जमिनीत आम्हाला ओळखू येईल असे श्रम दिसत नाहीत, ती वाया चाललेली. लॉक उदाहरणेही अमेरिकेचीच देतो. पुराच्या वेळेची वाट पाहणे हा श्रम त्याच्या व्याख्येत बसत नाही. नांगर बसतो, कुंपण बसते. सोनोरातल्या अधिकाऱ्यांनी लॉक वाचला असेल असे आम्ही म्हणत नाही. ज्याला जमीन हवी असते त्याला हा विचार न वाचताही सुचतो.

याकींनी तो मानला नाही. १८७५ पासून होसे मारिया लेय्वा नावाच्या माणसाने, ज्याला सगळे काहेमे म्हणत, खोरे जवळजवळ स्वतंत्र राज्यासारखे चालवले. कर बसवले, धान्याचे साठे केले. काहेमे या नावाचा अर्थ 'जो पाणी प्यायलाही थांबत नाही तो' असा सांगतात. १८८७ मध्ये त्याला पकडून गोळ्या घातल्या. तीनच वर्षांनी, १८९० मध्ये, कार्लोस कोनांत यांना या खोऱ्यात कालवे काढून वसाहत करण्याची सवलत मिळाली. तारखा लागोपाठ पाहा, भाष्य करावे लागत नाही.

लढाई मात्र थांबली नाही. १९०० च्या जानेवारीत मासोकोबा येथे शेकडो याकी मारले गेले. नंतर सरकारने दुसरा उपाय काढला, हद्दपारी. बायका-मुलांसकट हजारो याकींना धरून देशाच्या दुसऱ्या टोकाला, युकातानला नेले. तिथे एनेकेनचे मळे होते. एनेकेन म्हणजे आपल्या घायपाताच्या जातीचे झाड, त्याच्या वाखाचे दोर होतात. अमेरिकेतल्या गहू कापणाऱ्या यंत्रांना पेंढ्या बांधायला ती सुतळी लागे. म्हणजे गव्हाच्या जमिनीवरून माणसे उठवली आणि दुसऱ्यांच्या गव्हाच्या पेंढ्या बांधायच्या सुतळीसाठी मळ्यात घातली. जॉन केनेथ टर्नर या अमेरिकन पत्रकाराने हे तिथे जाऊन पाहिले आणि जगापुढे मांडले. किती नेले यावर एकमत नाही. अंदाज आठ हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत जातात.

खोरे असे मोकळे झाले. कोनांत यांचा उद्योग लॉस एंजेलिसच्या रिचर्डसन बंधूंच्या कंपनीकडे गेला. याच सुमारास अमेरिकेतून रेल्वे खाली आली आणि १९०७ च्या आसपास नदीच्या दक्षिणेला एक स्टेशन झाले. स्टेशनला नाव काय दिले असेल? काहेमे! ज्याला मारले त्याचेच.

कंपनीने खोऱ्यावर चौकटी आखल्या. दोन-दोन किलोमीटरवर सरळ रस्ते, मधे चारशे हेक्टरचा ब्लॉक, प्रत्येक ब्लॉकला नंबर. आजही तिथला शेतकरी आपले रान ब्लॉकच्या नंबराने सांगतो. उपग्रहाच्या चित्रात पाहा, वहीचा चौकडीचा कागद अंथरल्यासारखे दिसते. नदी वाकडी, तिची जुनी गावे वाकडी, आणि वर ही पट्टीने ओढलेली शेती.

स्टेशनाभोवती गिरण्या, गोदामे, दुकाने आली. १९२७ मध्ये तो स्वतंत्र तालुका झाला. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये आल्वारो ओब्रेगोन यांचा खून झाला आणि गावाला त्यांचे नाव मिळाले. हे ओब्रेगोन सोनोराचेच, माजी राष्ट्राध्यक्ष, दुसऱ्यांदा निवडून आलेले. क्रांतीतले सेनापती, १९१५ च्या लढाईत उजवा हात गमावलेले. पण मुळात हरभऱ्याचे शेतकरी! काबुली चण्यावर त्यांनी पैसा केला. या खोऱ्यात त्यांची स्वतःची मोठी शेती आणि व्यापार होता. त्यांच्या सैन्यात याकी पलटणी होत्या, आणि लढाईच्या बदल्यात जमीन परत मिळेल असे वचन त्या शिपायांना मिळाले होते. वचनाचे काय झाले? १९२६ मध्ये याकींनी विकामला ओब्रेगोन यांची गाडी अडवली. त्यानंतर जी शेवटची मोहीम झाली तिच्यात विमानांतून बॉम्ब टाकले गेले. गाव ओब्रेगोनच्या नावाचे आणि तालुका अजून काहेमेच्या नावाचा आहे. पत्ता लिहिताना दोघे एकाच ओळीत येतात.

न्यायाचा प्रयत्नच झाला नाही असे नाही. लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना १९३७ मध्ये खोऱ्यातल्या मोठ्या जमिनी फोडून भूमिहीनांना एहिदो दिले. एहिदो म्हणजे सामाईक मालकीची, कसायला दिलेली, पण विकता न येणारी जमीन. आणि १९४० च्या आदेशाने याकींना नदीच्या उत्तरेकडचा सुमारे ४,८५,००० हेक्टर मुलूख आणि आंगोस्तुरा धरणात साठणाऱ्या पाण्याचा अर्ध्यापर्यंत वाटा मान्य केला. दक्षिणेकडची चौकटीची सुपीक जमीन मात्र ओब्रेगोनकडेच राहिली. पुढे १९५२ मध्ये खाली ओवियाचिक धरण झाले, मग साठच्या दशकात मधे एल नोवियो. कालव्यांची बागायत सव्वादोन लाख हेक्टरांच्या घरात गेली. याकींच्या गावांपाशी नदीचे पात्र कोरडे पडले. कागदावर आंगोस्तुराचे पाणी होते, पण पाण्याच्या चाव्या तीन धरणांवर होत्या.

या टप्प्यावर नॉर्मन बोरलॉग येतात. १९४४ मध्ये ते मेक्सिकोत आले. रॉकफेलर फाउंडेशन आणि मेक्सिकन सरकार यांचा संयुक्त कार्यक्रम होता, काम होते गव्हाचा तांबेरा. (मेक्सिकोत पिकांवर काम करणारे पहिले परके ते नव्हेत. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे त्यांच्या वीस वर्षे आधीपासून तिथल्या शेतकी शाळेत शिकवत होते, मक्यावर आणि गव्हावर प्रयोग करत होते. त्यांच्यावर एक संपूर्ण व्याख्यान व्हायला हवे, आज नको.)

बोरलॉग यांच्या मनात आले की वर्षाला एकच पीक घेतले तर नवा वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतील. मग दोन पिके का घेऊ नयेत? उन्हाळ्यात मध्य मेक्सिकोत तोलुकाला, साडेआठ हजार फुटांवर. तिथले बी काढून लगेच हिवाळ्यात सोनोरात, जवळजवळ समुद्रसपाटीला. वरिष्ठांना हे पटेना. बियाण्याला कापणीनंतर विश्रांती लागते असे तेव्हा पुस्तकात होते. बोरलॉग राजीनाम्यापर्यंत गेले, मग परवानगी मिळाली. १९४५ मध्ये ओब्रेगोनजवळच्या एका जुन्या सरकारी केंद्रात ते पोचले तेव्हा खिडक्यांना काचा नव्हत्या, वीज नव्हती, उंदरांचे राज्य होते आणि अवजार म्हणावे असे काही नव्हते. शेवटी शेजारच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर उसना दिला.

या येरझाऱ्यातून एक न मागितलेले फळ मिळाले. सोनोरा आणि तोलुका यांच्या अक्षांशात जवळपास आठ अंशांचा फरक. दोन्हीकडे जे टिकले ते वाण दिवसाच्या लांबीला जुमानेनासे झाले, म्हणजे जगात कुठेही चालतील असे. पुढची अडचण वेगळी होती. खत घातले की गहू उंच वाढतो, ओंबी जड होते, वारा आला की पीक लोळते. त्यासाठी जपानच्या नोरिन-१० या बुटक्या गव्हाचा संकर केला. १९६२ पासून बुटके वाण बाहेर पडू लागले. मेक्सिको तर १९५६ मध्येच गव्हात स्वयंपूर्ण झाला होता.

१९६३ मध्ये डॉ. स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने बोरलॉग भारतात आले. मग नमुन्याचे बी आले, १९६५ मध्ये काहीशे टन आले आणि १९६६ मध्ये 'लेर्मा रोहो' या वाणाचे १८,००० टन. एवढे बियाणे एका खेपेला त्याआधी कोणत्याच देशाने विकत घेतले नव्हते. ते सोनोराच्या शेतकऱ्यांनी पिकवलेले होते. दाणा लाल असल्याने आपल्याकडे नाके मुरडली गेली. मग इथल्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोच्याच वाणांतून पिवळसर दाण्याचे 'कल्याण सोना' आणि 'सोनालिका' निवडले. १९६८ च्या हंगामात देशाचे गव्हाचे पीक १.६५ कोटी टनांवर गेले, त्याआधीचा उच्चांक सव्वा कोटीच्या आसपास होता. पोस्टाने तिकीट काढले. भूक खरी होती आणि ती या गव्हाने भागवली, यात आम्हाला काडीचीही शंका नाही. जे लोक एसीत बसून बोरलॉग यांना खलनायक ठरवतात त्यांनी त्या रांगेत एक दुपार उभे राहायला हवे होते.

आमचे म्हणणे निराळे आहे. आपण ही कथा सांगतो तेव्हा ती एका बुटक्या रोपापासून सुरू करतो. ते रोप बुटके असून उपयोग नव्हता. त्याला भरपूर खत आणि वेळच्या वेळी पाणी लागत होते. ओब्रेगोनला ते पाणी होते, म्हणून तो वाण तिथे सिद्ध झाला. आणि पाणी होते, कारण साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी त्या खोऱ्यावर 'पडीक' हा शिक्का मारला होता. ज्या खोऱ्याने १७०० साली दुसऱ्या किनाऱ्याला जेवू घातले होते, त्यावर.

गावाची पुढची अर्थव्यवस्था थोडक्यात सांगतो. मोठे शेतकरी हुशार निघाले. त्यांनी पतसंघ काढले, १९६४ मध्ये संशोधनासाठी स्वतःची संस्था उभारून जमीन आणि पैसा दिला. अशी शेतकऱ्यांनी पोसलेली प्रयोगशाळा आपल्याकडे साखर सोडली तर फार दिसत नाही. कापूस आला, गेला, सोयाबीन आले, पांढऱ्या माशीने गेले, गहू राहिला. आज सरासरी हेक्टरी सहा-सात टन. सत्तरच्या दशकात एक गंमत झाली. करनाल बंट नावाचा रोग, जो पहिल्यांदा आपल्या हरियाणातल्या करनालला नोंदला गेला, तो या खोऱ्यात सापडला. त्यामुळे पुढे निर्बंध आले आणि शेतकरी पावाच्या गव्हावरून ड्युरमकडे वळले, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीकडे, ज्याचा रवा आणि शेवया होतात. आज तो मोठ्या प्रमाणावर परदेशी जातो, अल्जीरियापर्यंत. मेक्सिकोला मात्र पावासाठी गहू आयात करावा लागतो.

जमिनीचा प्रश्न १९७६ मध्ये पुन्हा पेटला. आदल्या वर्षी भूमिहीनांवर गोळीबार झाला होता. राष्ट्राध्यक्ष एचेवेरिया यांनी पद सोडता सोडता जवळपास लाख हेक्टर काढून घेतले, त्यात सदतीस हजार बागायती. पण १९९२ मध्ये राज्यघटना बदलली, एहिदोची जमीन विकता किंवा खंडाने देता येऊ लागली, आणि कर्ज, खत, यंत्र ज्याच्याकडे त्याच्याकडे ती हळूहळू परत गेली. याकींच्या मुलखातली बागायतही बरीचशी बाहेरचेच लोक खंडाने करतात. जमीन याकींची, पीक ओब्रेगोनकरांचे.

खताचा आणि फवारणीचा हिशोबही आहे. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले की खोऱ्यात गव्हाला पाणी सोडले की काही दिवसांत आखातात शेवाळ फुलते. नत्र शेतातून समुद्रात जाते. त्याआधी, १९९८ मध्ये, एलिझाबेथ गिलेट यांनी खोऱ्यातली आणि जवळच्या डोंगरपायथ्याची चार-पाच वर्षांची याकी मुले तपासली. मुलांना माणूस काढायला सांगितले. डोंगरपायथ्याच्या मुलांनी डोके, हात, पाय काढले. फवारणीच्या रानातल्या बऱ्याच मुलांना रेघोट्यांच्या पुढे जाता आले नाही. अभ्यास लहान होता, मुले पन्नासच होती, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण ती चित्रे पाहिल्यावर आम्ही पुस्तक बराच वेळ मिटून ठेवले होते.

आणि आता ज्यासाठी हे गाव निवडले ती गोष्ट. २०१० मध्ये सोनोराच्या राज्य सरकारने ठरवले की एल नोवियो धरणातून राजधानी एर्मोसियोला नळाने पाणी न्यायचे, वर्षाला साडेसात कोटी घनमीटर. एर्मोसियो वाढते शहर, उद्योगांचे, पाण्याला आसुसलेले. ओब्रेगोनचे शेतकरी खवळले. आमचे पाणी आमच्या खोऱ्याबाहेर कसे नेता? पण कोर्टात सांगण्यासारखा सर्वांत भक्कम हक्क त्यांच्याकडे नव्हता. तो याकींकडे होता, १९४० चा. मग याकी आणि ओब्रेगोनचे बागायतदार एका बाजूला उभे राहिले! २०१३ मध्ये विकामला याकींनी महामार्ग अडवला, जिथे कधीकाळी ओब्रेगोनची गाडी अडवली होती त्याच गावी. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, याकींशी सल्लामसलत झाली पाहिजे. नळ चालूच राहिला. पुढच्या वर्षी याकींचे दोन प्रवक्ते तुरुंगात गेले.

एर्मोसियोचा युक्तिवाद काय होता? शेतात पाणी वाया जाते, शहरात ते अधिक उपयोगी पडेल. ओळखीचे वाटते का? रिचर्डसन कंपनी याकींना हेच सांगत होती. वाया हा शब्द या वेळी गव्हाच्या शेतकऱ्यांना लागला, इतकेच. आणि त्यांना तो फार झोंबला.

२०२१ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर विकामला आले आणि देशाच्या वतीने याकींची माफी मागितली. काही हजार हेक्टर परत देण्याची आणि याकींच्या ताब्यात स्वतंत्र सिंचन क्षेत्र देण्याची घोषणा झाली. कालव्यांची कामे सुरू झाली. एर्मोसियोचा नळ बंद करण्याची घोषणा त्यात नव्हती.

वेळ झाली आहे. पाण्याच्या हक्काविषयी कुणाला विचारायचे असेल तर आधी ते घेऊ, गव्हाविषयीचे प्रश्न नंतर.